खरखर कोणाची? : विल्कोच्या ‘यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट’विषयी

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. व्याख्यानात जिथे गाणी ऐकवली गेली, त्या जागा कंसात दाखवल्या आहेत. शेवटी एक प्रश्नोत्तर जोडले आहे.)

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? ठीक.

आजचा विषय म्हणजे शिकागोच्या एका बँडचा एक अल्बम. बँड विल्को, अल्बम ‘यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट’, साल २००२. तुमच्यातल्या काहींनी तो ऐकलेला असेल. पण ज्यांनी ऐकलेला नाही, त्यांनाही त्याची गोष्ट बहुधा माहीत असते. गोष्ट अशी : मोठ्या रेकॉर्ड कंपनीनं अल्बम नाकारला, बँड वाकला नाही, त्यांनी तो इंटरनेटवर फुकट ऐकवला, लोकांनी डोक्यावर घेतला, आणि कंपनीचं हसं झालं.

ही गोष्ट खोटी नाही. पण ती फार सोयीची आहे. इतकी, की वीसेक वर्षं लोक आधी गोष्ट ऐकतात आणि मग अल्बममध्ये तीच शोधत बसतात. आता तुम्ही अल्बम नुसता लावून बघा. त्यात जिंकल्याचा आवाज कुठेच नाही. एक माणूस दुसऱ्याला काहीतरी सांगू पाहतोय आणि ते नीट पोचत नाहीये, असंच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाटत राहतं. हे न पोचणं त्यांनी आवाजात कसं आणलं, त्यासाठी काय काय काढून टाकलं, आणि त्या काढून टाकण्यात एक माणूसही कसा गेला, एवढंच मला आज सांगायचंय.

नावापासून सुरुवात

फोनवर नाव सांगताना आपण काय करतो? ‘पी फॉर पुणे, एम फॉर मुंबई’. पलीकडच्याला अक्षर नीट कळावं म्हणून. सैन्यात, विमानात, जहाजावर याची ठरलेली यादी असते. त्या यादीत वाय म्हणजे यँकी, एच म्हणजे हॉटेल, एफ म्हणजे फॉक्सट्रॉट. म्हणजे अल्बमचं नाव ही नुसती तीन अक्षरं आहेत, आणि त्यांचा अर्थ आपल्याला माहीत नाही.

ही अक्षरं आली कुठून? शॉर्टवेव्ह रेडिओवर काही गूढ केंद्रं असतात. एक आवाज, बहुतेकदा बाईचा, ठरावीक सुरात आकडे किंवा अक्षरं वाचत राहतो. ही हेरांसाठीची सांकेतिक निरोपांची केंद्रं आहेत असं मानलं जातं. लंडनच्या इर्डियल नावाच्या छोट्या कंपनीनं १९९७ साली अशा प्रक्षेपणांची ध्वनिमुद्रणं जमवून चार सीडींचा संच काढला, ‘द कॉनेट प्रोजेक्ट’ नावाचा. विल्कोचा गायक आणि गीतकार जेफ ट्वीडी याला त्या संचानं झपाटलं. त्यातली एक बाई हे तीन शब्द पुन्हा पुन्हा म्हणते. तिचा आवाज अल्बममध्ये आहे. तो कुठे येतो ते पुढे ऐकूच.

तुमच्यातल्या ज्येष्ठांना रात्री रेडिओ सिलोन शोधतानाची ती खरखर आठवत असेल. काटा जरा इकडेतिकडे झाला की मधूनच कुठल्या तरी देशातला माणूस बोलायला लागायचा. एक शब्द कळायचा नाही, पण तो कुणाशी तरी बोलतोय एवढं नक्की कळायचं. ट्वीडीला नेमकं हेच हवं होतं. तातडी ऐकू येतेय, मजकूर कळत नाहीये.

आणि गंमत बघा, विल्को हे नावसुद्धा वायरलेसवरचंच. ‘विल कम्प्लाय’चा संक्षेप. म्हणजे ‘हुकूम पाळतो’. हुकूम न पाळण्यासाठी प्रसिद्ध झालेल्या बँडचं हे नाव! (हशा)

आधीचा प्रवास

थोडी पार्श्वभूमी. ट्वीडी हा इलिनॉय राज्यातल्या बेलव्हिल या लहान शहराचा मुलगा. जे फरार या मित्राबरोबर त्याचा अंकल टुपेलो हा बँड होता. अमेरिकी ग्रामीण कंट्री संगीत आणि पंक रॉकची धसमुसळी गिटार हे दोन्ही ते एकत्र वाजवत. त्यातून ‘ऑल्टर्नेटिव्ह कंट्री’ नावाची एक अख्खी शाखा रूढ झाली. १९९४ साली दोघांचं फाटलं. फरार बाहेर पडला आणि उरलेल्यांनी विल्को काढला.

पहिला अल्बम ‘ए.एम.’, १९९५. बरा, सरळसोट. मग १९९६ चा ‘बीइंग देअर’, दोन सीडींचा. १९९९ चा ‘समरटीथ’. मधे इंग्लंडच्या बिली ब्रॅगबरोबर त्यांनी एक फार चांगलं काम केलं. वुडी गथ्री हा अमेरिकेचा मोठा लोकगायक. त्याच्या वहीत चाल न लावलेली गीतं पडून होती. त्याच्या मुलीनं ती यांच्या हवाली केली आणि यांनी चाली लावल्या. ‘मर्मेड ॲव्हेन्यू’, १९९८.

या सगळ्यात एक माणूस लक्षात ठेवा : जे बेनेट. ‘ए.एम.’नंतर तो बँडमध्ये आला. गिटार, पियानो, ऑर्गन, हाताला लागेल ते वाद्य वाजवणारा, आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रं उघडून बसणारा. ‘समरटीथ’मध्ये की-बोर्डचे जे थरावर थर आहेत, त्यांमागे मोठा हात त्याचाच. शब्द घरातल्या अंधारातले आणि वरून साठच्या दशकातल्या पॉप संगीतासारखी चमचमती सजावट, असा तो अल्बम आहे.

बँडचे स्वतःचे अल्बम रीप्रीज या कंपनीसाठी चाललेले. रीप्रीज १९६० साली फ्रँक सिनात्रानं काढली होती, कलावंताला मोकळीक मिळावी म्हणून. पुढे ती वॉर्नरच्या कुटुंबात गेली.

लॉफ्टमधली महिने महिने

२००० च्या अखेरीस नवीन कामाला सुरुवात झाली. जागा शिकागोतली, बँडची स्वतःची, तिला ते ‘लॉफ्ट’ म्हणत. ही स्वतःची जागा फार महत्त्वाची. भाड्याच्या स्टुडिओत तासाचं मीटर पडत असतं. तिथे गाणं ठरवून जायचं आणि वाजवून यायचं. इथे मीटर नव्हतं. त्यामुळे एकेक गाणं चार-चार, पाच-पाच तऱ्हांनी वाजवून बघता आलं. संथ, जोरकस, नुसत्या गिटारवर, नुसत्या ठोक्यांवर.

दोन बदल झाले. पहिला, ड्रमर. केन कूमर सुरुवातीपासूनचा, अंकल टुपेलोपासूनचा. त्याला वगळून २००१ च्या जानेवारीत ग्लेन कोची आला. कूमर ठेका धरून गाणं पुढे नेणारा. कोचीला मात्र कुठलीही वस्तू वाजवता येते. तो ठेका धरण्याऐवजी गाण्याभोवती आवाज मांडतो. गाण्याच्या पायाखालची जमीन हलल्यासारखी जी वाटते ना, ती तिथून.

दुसरा बदल जिम ओरूर्क. शिकागोचाच, प्रायोगिक संगीतातला माणूस. त्याचा ‘बॅड टायमिंग’ हा अल्बम ट्वीडीला फार आवडलेला. कोचीची आणि ट्वीडीची गाठ यानंच घालून दिलेली. ट्वीडीनं त्याला मिक्सिंगसाठी बोलावलं.

मिक्सिंग म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो. प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीवर मुद्रित झालेलं असतं. त्यातलं कुठलं किती मोठं, कुठे सुरू, कुठे बंद, हे ठरवून शेवटचं गाणं तयार करायचं. आपण म्हणू तांत्रिक काम. पण ज्या गाण्याच्या पाच आवृत्त्या आणि प्रत्येकीत डझनभर थर आहेत, तिथे मिक्सिंग करणारा माणूस जवळजवळ सहसंगीतकार होतो. ओरूर्कनं मुख्यतः वजाबाकी केली. लोकांना वाटतं की या अल्बममध्ये विचित्र आवाज भरलेत. उलट ऐकून बघा. जागोजागी वाद्यं काढून घेतलेली आहेत, आणि म्हणून उरलेली खरखर ऐकू येते.

(इथे ‘आय ॲम ट्राइंग टु ब्रेक युअर हार्ट’ची पहिली दोन मिनिटे आणि शेवट ऐकवला.)

सुमारे सात मिनिटांचं गाणं, आणि अल्बमचं पहिलंच. आधी नुसता घोंघावणारा आवाज. मग ठोके येतात, पण मांडीवर ताल धरता येत नाही. पियानोचे तुकडे येऊन जातात. या सगळ्याच्या मध्ये एक माणूस अगदी साध्या चालीत, झोपेतून उठल्यासारखा गातोय. भोवतीचं सगळं काढलं तर गिटारवर म्हणता येईल असं हे गाणं आहे. म्हणजे गाणं साधं, आणि त्याला पोचू न देणारी परिस्थिती अवघड.

आता शेवट. सगळं कोसळत असताना तो एक ओळ पुटपुटतो. ती या गाण्यातली नाहीच. ती याच अल्बममधल्या आठव्या गाण्याच्या मुखड्यातली आहे. आठवं गाणं उघडउघड प्रेमाचं, उत्साही, पितळी वाद्यांसह. म्हणजे पहिल्या गाण्याच्या गोंगाटात निरोप पाठवला जातो आणि तो ऐकू येईस्तोवर मध्ये सहा गाणी जातात. मला हा अल्बमचा खरा सांगाडा वाटतो.

हेच नंतर मोठ्या प्रमाणात होतं. ‘रेडिओ क्युअर’मध्ये वाद्यं जवळजवळ वाजतच नाहीत. श्वास लागल्यासारखं गाणं चालतं, आणि उशिरानं एकदाच चाल उघडते. दहावं गाणं ‘पुअर प्लेसेस’. खोलीत बंद करून घेतलेल्या माणसाचं. ते शेवटाकडे वाढत वाढत कर्कश होतं आणि त्या कल्लोळातून ती बाई येते. यँकी, हॉटेल, फॉक्सट्रॉट. पुन्हा पुन्हा. आणि मग एकदम शांतता, आणि ‘रिझर्व्हेशन्स’. पियानोवरचं अतिशय संथ गाणं. आपण खोटं वागलो असू, पण जिच्याशी बोलतोय तिच्याबद्दल आपली खात्री आहे, एवढंच त्याचं म्हणणं. पाऊण तासाच्या खरखरीनंतर ते सरळ वाक्य येतं म्हणून ते लागतं. पहिल्याच गाण्यात म्हटलं असतं तर चारचौघांसारखं झालं असतं.

कंपनीनं काय ऐकलं

२००१ च्या जानेवारीत एओएल ही इंटरनेट कंपनी आणि टाइम वॉर्नर यांचं विलीनीकरण पूर्ण झालं. खर्चकपात सुरू झाली. रीप्रीजचे प्रमुख हाउई क्लाइन, जे या बँडच्या बाजूचे होते, ते त्याच वर्षी बाहेर पडले. अशा वेळी विल्कोनं अल्बम दिला. कंपनीनं बदल सुचवले, बँडनं नकार दिला. कंपनी म्हणाली, मग आम्ही हा काढत नाही.

इथे कंपनीला सरळ मूर्ख ठरवायचा मोह होतो. मी तसं म्हणणार नाही. रेडिओवर वाजेल असं एक गाणं शोधणं हे त्यांचं काम होतं. पहिली सात मिनिटं ऐकून त्यांना ते सापडलं नाही. आधीचे अल्बमही काही फार मोठ्या संख्येनं खपलेले नव्हते. व्यापाऱ्याच्या कानानं ऐकलं तर निर्णय समजण्यासारखा आहे. त्यांनी चुकीचं ऐकलं ते वेगळ्या ठिकाणी : खरखर हा त्यांना गाण्यावर पडलेला डाग वाटला, पुसला की खाली चांगलं गाणं निघेल असा. पण पुसलं असतं तर ‘रिझर्व्हेशन्स’ला काही अर्थच उरला नसता.

पुढचा भाग व्यवहाराचा, आणि तो नीट ऐका. ध्वनिमुद्रणाच्या मूळ प्रतीला ‘मास्टर’ म्हणतात. ती ज्याच्या मालकीची, त्याच्या परवानगीशिवाय अल्बम निघत नाही, मग गाणी तुम्ही स्वतः का लिहिलेली असेनात. सहसा कंपनीनं पैसे घातलेले असतात, म्हणून मास्टर कंपनीचा. विल्कोनं तो परत मागितला. आधी ५० हजार डॉलरला विकत घेण्याची भाषा झाली, शेवटी कंपनीनं तो असाच देऊन टाकला. नाकारलेला माल, ठेवून काय करायचा? बँडच्या हाती अल्बम आला तो असा.

मग २००१ च्या अखेरीस नॉनसच या कंपनीशी करार झाला आणि २३ एप्रिल २००२ रोजी अल्बम दुकानात आला. नॉनसच १९६४ साली स्वस्तात अभिजात संगीताच्या तबकड्या काढायला सुरू झालेली. स्टीव्ह राइश, क्रोनोस क्वार्टेट, ब्यूएना व्हिस्टा सोशल क्लब, असे तिचे लोक. आपल्यालाही ती परकी नाही. मुंबईत राहिलेल्या पंडित रामनारायण यांच्या सारंगीची तबकडी तिच्याच ‘एक्सप्लोरर’ मालिकेत निघाली होती.

आणि नॉनसच कोणाची? वॉर्नरचीच! म्हणजे एका भावानं दुकानाबाहेर टाकलेला माल दुसऱ्या भावानं पैसे देऊन आत घेतला. वाडा तोच. (हशा) आता सांगा, ‘बँडनं कॉर्पोरेटला हरवलं’ हे वाक्य कितपत टिकतं? पैसा शेवटी त्याच तिजोरीत गेला. पहिल्या आठवड्यात सुमारे ५५ हजार प्रती गेल्या, बिलबोर्डच्या यादीत १३ वा क्रमांक, आणि एकूण खप पाच लाखांच्या पुढे. त्या वेळेपर्यंतचा त्यांचा सर्वांत जास्त.

लोकांनी काय ऐकलं

मधल्या काळात १८ सप्टेंबर २००१ रोजी बँडनं सबंध अल्बम आपल्या वेबसाइटवर ऐकायला ठेवला. तारीख लक्षात घ्या. न्यूयॉर्कच्या हल्ल्याला फक्त एक आठवडा झालेला. मुळात अल्बम ११ सप्टेंबरलाच काढायचा बेत होता.

आता हा अल्बम त्या दिवसांत ऐका. एका गाण्याच्या नावात अमेरिकी झेंड्यांची राख. एक गाणं ‘वॉर ऑन वॉर’. ‘जीझस, एटसेटरा’मध्ये उंच इमारती थरथरल्याचा उल्लेख. मुखपृष्ठावर जुळे मनोरे. हे शिकागोचे मरीना सिटीचे, बर्ट्रांड गोल्डबर्गनं बांधलेले, मक्याच्या कणसासारखे दिसणारे. घाबरलेल्या लोकांनी या गाण्यांमध्ये आपला शोक ऐकला यात नवल नाही.

पण सगळी गाणी हल्ल्याच्या आधी लिहून, वाजवून, मिसळून झालेली होती. मग काही समीक्षकांनी भविष्यवाणीची भाषा सुरू केली. ती मला पटत नाही, आणि का ते सांगतो. भविष्यवाणी म्हटलं की शब्द सुटे काढून घटनेला चिकटवले जातात. ‘जीझस, एटसेटरा’ ऐका.

(इथे ‘जीझस, एटसेटरा’ ऐकवले.)

व्हायोलिन, हलका ठेका, रडणाऱ्या कुणाला तरी समजावणारा एक आवाज. हे दोन माणसांमधलं गाणं आहे. शहर त्यात मागे धूसर दिसतं. लोकांना त्या आठवड्यात ते उपयोगी पडलं, कारण कुणीतरी शेजारी बसून हळू आवाजात बोलावं असं त्यांना वाटत होतं. भाकितापेक्षा हा गुण मोठा आहे, आणि तो चाल, आवाज आणि वाद्यं यांच्यामुळे आहे.

वेबसाइटवर ऐकलेलीच गाणी लोकांनी एकमेकांना पाठवली. बँड दौऱ्यावर गेला तेव्हा समोरची माणसं दुकानात न आलेल्या अल्बमची गाणी पाठ म्हणत होती. त्या काळात घरोघरी डायल-अप मोडेम. जोडताना तो स्वतःच केवढी खरखर करायचा! त्यातून तुटत तुटत हा अल्बम लोकांपर्यंत गेला, हे त्याच्या स्वभावाला शोभलं.

मग एप्रिल २००२ ची परीक्षणं. पिचफोर्कनं दहापैकी दहा गुण दिले. व्हिलेज व्हॉइसच्या समीक्षक-मतदानात तो त्या वर्षीचा पहिला आला. जुलैमध्ये सॅम जोन्सचा माहितीपट चित्रपटगृहांत आला, काळा-पांढरा, अल्बमच्या पहिल्या गाण्याच्याच नावाचा. म्हणजे अल्बम आणि अल्बमची गोष्ट तीन महिन्यांच्या अंतरानं, जवळजवळ जोडीनं बाजारात आले. तेव्हापासून त्यांची फारकत झालेली नाही.

वजा झालेला माणूस

त्या माहितीपटात एक प्रसंग आहे. ‘ॲशेस ऑफ अमेरिकन फ्लॅग्ज’ संपून ‘हेवी मेटल ड्रमर’ सुरू होताना मधला सांधा कसा असावा, यावर बेनेट आणि ट्वीडी बोलतायत. काही सेकंदांचा सांधा. बेनेट आपला मुद्दा सोडत नाही, पुन्हा पुन्हा समजावतो. ट्वीडी म्हणतो, मला कळलंय, मला फक्त ते महत्त्वाचं वाटत नाही. शेवटी ट्वीडी उठून जातो आणि त्याला उलटी होते. त्याला अर्धशिशीचा तीव्र त्रास होता. अल्बम पूर्ण झाला त्याच सुमारास, २००१ च्या उन्हाळ्यात, बेनेटला बँडमधून काढलं गेलं.

बघणारे म्हणतात, किती चिकट माणूस, बरं झालं गेला. पण कॅमेरा कुणाच्या खोलीत होता, आणि शेवटी कोण उरलं, हेही बघायला हवं. अल्बममधल्या बहुतेक गाण्यांवर संगीतकार म्हणून ट्वीडीच्या बरोबरीनं बेनेटचं नाव आहे. तासन्‌तास बसून थर त्यानं रचले. ओरूर्कला काढून टाकण्यासारखं काही मिळालं, ते आधी कुणीतरी घातलं होतं म्हणून. दगड नसताना कोरणार काय?

हे आता नुसतं मत राहिलेलं नाही. २०२२ साली नॉनसचनं वीस वर्षांनिमित्त मोठा संच काढला, ८ सीडींचा. त्यात गाण्यांच्या जुन्या, नाकारलेल्या आवृत्त्या आहेत. पुढच्या वर्षी त्याला ऐतिहासिक अल्बमचं ग्रॅमीही मिळालं. त्या आवृत्त्या ऐकल्यावर दोन गोष्टी दिसतात. एक, ओरूर्कची कात्री बहुतेक ठिकाणी बरोबर चालली. काही जुनी रूपं नुसती गजबजलेली आहेत. दोन, काही रूपं तितकीच चांगली होती आणि तोही अल्बम होऊ शकला असता. वेगळा, उबदार, ‘समरटीथ’च्या जवळचा. आपण जो ‘एकमेव’ मानतो, तो अनेकांतून निवडलेला आहे, आणि निवडणाऱ्याचा हात त्यात दिसतो.

बेनेट २००९ साली वयाच्या ४५ व्या वर्षी गेला. त्यानं नंतर स्वतःचे अल्बम केले, पण ही गोष्ट सांगताना त्याचं नाव सहसा ‘अडचण’ म्हणून येतं. ज्या अल्बमचा विषयच ‘माझं म्हणणं तुझ्यापर्यंत पोचत नाही’ हा आहे, तो करताना दोन सहकाऱ्यांमध्ये हेच घडलं. मला यात काव्यात्म न्याय वगैरे दिसत नाही. वाईट वाटतं, एवढंच.

आणखी एक वजावट. ती रेडिओवरची बाई. इर्डियलच्या संचातला तो आवाज विल्कोनं परवानगीशिवाय वापरला म्हणून दावा झाला आणि न्यायालयाबाहेर तडजोड झाली. स्वतःच्या मास्टरसाठी भांडणाऱ्यांना दुसऱ्याच्या ध्वनिफितीचा हक्क आठवला नाही. आणि ती बाई कोण, ते तर आपल्याला कधीच कळणार नाही.

मग अल्बम कसा आहे?

माझं मत सांगून थांबतो. हा क्रांतिकारक प्रयोग नाही. ‘अमेरिकेचा रेडिओहेड’ असं काहींनी म्हटलं, ते मला जास्त वाटतं. ‘किड ए’मध्ये रेडिओहेडनं गाण्याचा साचाच मोडला होता. विल्कोचा साचा शाबूत आहे, त्यांनी फक्त त्याच्याभोवतीची हवा बदलली. ‘पॉट केटल ब्लॅक’ मला आजही भरतीचं वाटतं. पहिल्या गाण्यातल्या काही शब्दजुळण्या नुसत्या चमकतात, त्यांच्या मागे काही सापडत नाही. पण ‘रेडिओ क्युअर’ ते ‘हेवी मेटल ड्रमर’ हा मधला पट्टा आणि शेवटची दोन गाणी मिळून जे करतात, ते त्या दशकातल्या फार थोड्या रॉक अल्बमांना जमलंय. माणसं एकमेकांशी बोलताना किती सांडतं, ते ऐकवायचं, आणि तरी बोलणं सोडायचं नाही.

घरी गेल्यावर गोष्ट बाजूला ठेवून शेवटची दोन गाणी सलग ऐका. हेडफोन लावून, दिवा घालवून.

प्रश्न : आमचा कॉलेजातल्या मित्रांचा बँड आहे. विल्कोसारखं आम्हीही गाणी फुकट टाकली. हजारभर लोकांनी ऐकली असतील, पुढे काही झालं नाही. आमचं काय चुकलं?

उत्तर : तुमचं चुकलं असं मला वाटत नाही. विल्कोनं फुकट ऐकवलं तेव्हा त्यांचे तीन अल्बम येऊन गेले होते, शिवाय ब्रॅगबरोबरचे दोन. ते सगळे मोठ्या कंपनीच्या पैशानं निघालेले आणि दुकानादुकानांत गेलेले. वर्षानुवर्षांच्या दौऱ्यांतून जमलेला श्रोता होता. फुकट ठेवल्यावर तो श्रोता धावून आला. फुकट ठेवल्यामुळे तो निर्माण झाला नाही. शिवाय २००१ मध्ये सबंध अल्बम असा ऐकवणं ही बातमी होती. आज ती सगळ्यांची रोजची सवय आहे. तेव्हा त्यांचा तो डाव उचलू नका.

उचलायच्या गोष्टी दोन. एक, स्वतःची जागा. कुणाची गच्चीवरची खोली असेल, गॅरेज असेल, जिथे मीटर पडत नाही आणि एक गाणं पाच प्रकारे वाजवून बघता येतं. आणि दुसरी, मास्टर कुणाच्या नावावर आहे आणि कुठल्या गाण्यावर कुणाकुणाची नावं आहेत, हे आजच, मैत्री छान असताना, कागदावर लिहून ठेवा. चौघांनी सह्या करा. ज्याच्याशी सांध्यावरून भांडण होईल, त्याचंही नाव त्यात नीट असू द्या.